आधी सांगा, मग दाबा

थांबासरांच्या खोलीत दोन कॉम्प्युटर होते आणि दोन्ही कायम जुन्या पडद्याच्या कापडाने झाकलेले असत. नव्या मुलाला वाटे, सर आले की कापड निघेल. सर येत, खुर्चीत बसत, हातात एक कागद देत आणि कापड तसंच राही. कागदावर चार-सहा ओळींचा प्रोग्रॅम असे. तो आपण मनात चालवायचा, कुठल्या ओळीला काय घडलं ते मोठ्याने बोलायचं आणि शेवटी स्क्रीनवर काय उमटेल ते सांगायचं. तोवर कीबोर्डला हात लावायचा नाही. कोणाचं बोट उगाच एंटरकडे निघालं की सर ओरडत, "थांबा!" वर्गातली बहुतेक मुलं हिंदी बोलणारी, पण हा एक शब्द सर मराठीतूनच वापरत. त्यामुळे बनारसमधल्या आमच्या अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात ते थांबासर झाले. एका मुलाचे वडील तर त्यांना अदबीने 'थांबाजी' म्हणत आणि सर ओ देत.

ते मूळचे साताऱ्याकडचे. तिथल्या एका इंटर कॉलेजात शिकवायला आले, आमच्या गल्लीत खोली घेतली आणि राहिले ते राहिलेच. लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणत, "हे दोघे रुसतात तेवढं पुरे आहे." सकाळी कचोरी खात, संध्याकाळी स्वतःच्या हाताने पोहे करत आणि त्या पोह्यांवर ओलं खोबरं नसलं की बनारसला नावं ठेवत. गच्चीवरून गेलेली इंटरनेटची तार माकडं वरचेवर तोडत. आम्ही चिडायचो, सर मात्र खुशीत येत. "बरं झालं. आता डोकं वापरा."

"आधी सांगा, मग दाबा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपल्याला काय हवंय तेच ठाऊक नसेल, तर यंत्राने काय करावं, असं ते विचारत. उत्तर जुळलं तरी शाबासकी वगैरे नाही. चष्म्यावरून बघून एवढंच म्हणत, "पुढं." त्या एका "पुढं"साठी आम्ही जीव टाकत असू. मला पहिल्यांदा ते मिळालं त्या दिवशी मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेले होते.

बारावीनंतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आणि त्यासाठी पुण्याला जायचं, हे मी त्याच सुमारास मनाशी पक्कं केलं. घरी मात्र ते पचण्यासारखं नव्हतं. माझे बाबा वैदिक. अमृतराव घाटावर यजमानांची श्राद्धपक्षाची कामं करायची, हा त्यांचा दिनक्रम. त्यांचं म्हणणं, बी.एड. कर, घराजवळ शाळेत लाग. सर समजवायला आले तेव्हा बाबांनी त्यांना सरळच विचारलं, "सर, नोकरी लागते हे सगळेच सांगतात. पण ह्या पढाईनंतर माणूस दिवसभर करतो काय?"

सरांनी सांगून पाहिलं. कोणी दवाखान्याचं काम सोपं करतो, कोणी रेल्वेच्या सिग्नलचं बघतो, कोणी हवामानाचा अंदाज काढतो, कोणी बँकेतली लबाडी पकडतो. बाबा मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण करतो काय?"

मग सरांनी हट्टाला पेटून बाबांच्याच कामाचा प्रोग्रॅम लिहिला. तिथी सांगितली की त्या वर्षी श्राद्ध कोणत्या तारखेला येतं ते निघायचं. दिवाळीनंतर एका दुपारी लॅपटॉप घेऊन ते आमच्याकडे आले. बाबा एकेका मराठी यजमानाची तिथी सांगत, सर आधी स्वतः अंदाज बोलत, मग एंटर दाबत, आणि बाबा पंचांगात बघून "बरोबर" म्हणत. बाबांचा चेहरा सैल होत चाललेला मी दारात उभी राहून बघत होते.

तेवढ्यात गंगेपलीकडच्या रामनगरचे जायसवालजी आले. बाबांचे जुने यजमान, हार्डवेअरचं दुकान होतं त्यांचं. बाबा त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले. जायसवालजींनी कौतुकाने विचारलं, "मास्टर साहब, हमारे बाबूजी का भी बता दीजिए। माघ बदी छठ।" म्हणजे माघ वद्य षष्ठी. सर रंगात आले होते. त्यांनी अंदाज बोलला नाही, काही विचारलं नाही, टाइप केलं आणि एंटर दाबला. जायसवालजींनी तारीख मोबाइलमध्ये टाकली आणि चहा पिऊन गेले.

आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात मात्र ते एका नावाने पुढे असतात. त्यांचा माघ वद्य म्हणजे आपला पौष वद्य. बनारसच्या मराठी घरात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं आणि सरांनाही होतं. पण प्रोग्रॅम लिहिताना त्यांच्या मनात साताऱ्याचा महिना होता. जायसवालजींना जी तारीख मिळाली ती बरोबर एक महिना उशिराची होती.

ऐन थंडीत त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या लक्षात आलं की, बाबूजींच्या श्राद्धाची छठ होऊन गेली. जायसवालजी फोनवर बाबांना काही वावगं बोलले नाहीत, आणि त्यामुळेच बाबांना जास्त लागलं. त्यांच्या हातून इतक्या वर्षांत कुणाचं श्राद्ध चुकलं नव्हतं. फोन ठेवून ते मला म्हणाले, "बघितलास ना तुझा कॉम्प्युटर?" पुण्याचं नाव आता घरात काढायचं नाही, हे मी ओळखलं आणि गच्चीवर जाऊन भरपूर रडले.

सरांना कळलं तेव्हा ते वर्ग तसाच सोडून आमच्याकडे आले. बाबांना म्हणाले, "गुरुजी, रामनगरला जाऊ या. मला त्या आईंना भेटायचंय." मीही गेले. त्या आजी उन्हात खाटेवर बसल्या होत्या. सरांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माताजी, मशीन की गलती नहीं है, गुरुजी की भी नहीं। मुझे पूछना चाहिए था, मैंने पूछा नहीं।" मला वाटलं होतं, ते काहीतरी समजावून सांगतील. पण त्यांनी एवढंच सांगितलं आणि हात जोडून उभे राहिले. आजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मान लेहला, इहै बहुत हौ, भइया," त्या म्हणाल्या, म्हणजे कबूल केलंस, एवढं पुष्कळ झालं, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चुकलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं, तसं बाबांनी ते मौनी अमावास्येला घाटावर यथासांग करवलं. सर पायरीवर शेवटपर्यंत बसून होते.

त्या संध्याकाळी बाबा आपणहून बोलले. "सर, यजमान आला की मी आधी त्याला विचारतो, महिना कुठला धरता. इतकी वर्षं विचारतोय, पण तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही."

"तुम्ही विचारलं होतंत ना, दिवसभर करतो काय?" सर म्हणाले. "हेच करायचं असतं, गुरुजी. माणूस जे न सांगता करतो, ते त्याला विचारून काढायचं. यंत्राला सांगणं त्यामानानं सोपं."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग हिला जाऊ दे. प्रश्न विचारून डोकं खायला हिला लहानपणापासून येतं."

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी तो प्रोग्रॅम मला पेनड्राइव्हवर दिला. त्यात आता तारखेआधी एक प्रश्न येत होता : महिना कोणाकडचा? खाली दोन पर्याय, आपल्याकडचा आणि इकडचा.

आज मी पुण्यात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. माझा निम्मा वेळ नर्सबाईंच्या मागे हिंडून, त्या काय काय न सांगता करतात ते विचारण्यात जातो. नवी मुलं घाईने काही चालवायला निघाली की माझ्या तोंडून "थांबा" निघतं आणि माझ्या हिंदी वळणाच्या मराठीसकट ती त्याची नक्कल करतात. मला ते आवडतं.

सर मागच्या वर्षी गेले, कार्तिक वद्य द्वादशीला. झोपेतच गेले. मला पोचता आलं नाही आणि ते अजून टोचतं. परवा बाबांचा फोन आला. "सरांचा पुतण्या वर्षश्राद्धाला येतोय. त्याला तिकीट काढायचंय. तारीख सांग."

"बाबा, पंचांग तुमच्यासमोरच असेल ना?"

"आहे. पण सरांची तारीख तूच काढ."

मी लॅपटॉप उघडला. महिना कोणाकडचा? आपल्याकडचा. तिथी टाकली आणि बोट एंटरवर गेलं, तसं मागे घेतलं. त्रिपुरी पौर्णिमेपासून बोटांवर मोजलं, रिकाम्या खोलीत तारीख मोठ्याने सांगितली आणि मग दाबलं. जुळली.

सवयीने मी वाट पाहत राहिले. काही वेळाने मीच म्हटलं, "पुढं," आणि बाबांना फोन लावला.