साहेबांचं चांदीचं झाड

आमच्या घरात टेबल नाही, आणि साहेबांनी आईला दिली ती टेबलाच्या मधोमध ठेवायची वस्तू! आता बोला. साहेब नौदलातून निवृत्त होऊन चिंचणीला राहायचे आणि आई त्यांच्याकडे स्वयंपाक करायची. तब्येत ढासळली तेव्हा ते भावाकडे पुण्याला निघाले आणि जाताना हे आईच्या हातात ठेवलं. जुनी, भक्कम चांदी. मधे खांब, त्याला चार फांद्या, फांदीफांदीला वाटी.

"साहेब, हे कशाला लागतं?" आईनं विचारलं.

"शोभेला."

नुसत्या शोभेला एवढी चांदी? मी तेव्हा नववीत, माझं डोकंच चालेना. आईनं मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यात हळद, कुंकू, तिळगूळ, फुलं मांडली आणि बायका बघतच राहिल्या. मग दरवर्षी संक्रांतीआधी आम्ही दोघी पडवीत बसून ते झाड घासायचो. आमच्याकडे चांदीला रांगोळीच लागते. वीसेक वर्षं घासलं.

गेल्या हिवाळ्यात साहेबांची मुलगी परदेशातून आली. साहेब वारून वर्ष झालं होतं. दारात तिची रिक्षा थांबली आणि मला वाटलं, झाड परत न्यायला आली की काय! पण तिला वस्तू नकोच होती.

"बाबांच्या जहाजावरच्या माणसांनी याच्या बुडाशी त्यांच्याबद्दल काहीतरी कोरून घेतलं होतं," ती म्हणाली. "मी कायम हॉस्टेलला, कधी बघितलंच नाही. विचारलं की बाबा हसून टाळायचे. मला तेवढं वाचायचंय."

तिनं झाड उलटं केलं. बूड गुळगुळीत.

"तिथं काळं काळं होतं ना ताई, ते मीच घालवलं," आई कौतुकानं म्हणाली. "लय घासलं, तेवा निघालं."

ताईंचा चेहरा उतरला. आईला काही उमगेना. ती एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. आईला वाचता येत नाही. मला येतं. ते काळं म्हणजे इंग्रजी अक्षरं होती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग मी ती वाचली का नाहीत? आईला थांबवलं का नाही? खरंच सांगते, मला माहीत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही पाहिलं होतं?" ताईंनी मला विचारलं.

"आठव ना गं," आई म्हणाली, "तू तर मास्तरीण हायस."

मी आठवत बसले.

"चार ओळी होत्या," शेवटी म्हटलं.

ताई एकदम पुढे सरकल्या. "चार? नक्की चार?"

आणि तेही मला सांगता येईना.