चादरीखाली आमचे आप्पा होते

परवा यूट्यूबवर माझं अनोळखी लोकांशी कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर आपल्या सोलापुरात शूटिंग झालेल्या त्या जुन्या गँगस्टर पिक्चरमधला भाई शेवटी मरतो की नाही! पिक्चरचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही इथेही सुरू व्हाल.

शेवटच्या सीनमध्ये मिलच्या आवारात भाईचं प्रेत चादरीने झाकलेलं असतं आणि बाहेर राहिलेला पायाचा अंगठा हलतो. झालं... भाई जिवंत आहे म्हणे, डायरेक्टरने मुद्दाम खूण ठेवलीय म्हणे! खूण कसली डोंबलाची?

अहो, तो अंगठा माझ्या वडिलांचा आहे. हिरो आधीच मुंबईला निघून गेले होते, म्हणून मिलच्या कामगारांत त्यांच्या उंचीचा माणूस शोधला आणि आमच्या आप्पांना झोपवलं. रक्त म्हणून साखरेच्या पाकात लाल रंग कालवलेला... त्याला लागल्या मुंग्या! आता मेलेला माणूस खाजवणार कसा?

हा किस्सा मला काकांनी सांगितला. आईसमोर त्या पिक्चरचा विषय काढायची सोयच नव्हती, कारण शूटिंगनंतर आप्पा फार जगले नाहीत. हार्ट अटॅक होता, शूटिंगचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनीही तिला सांगितलं. पण जित्त्या माणसाला मढं करून झोपवलं, असं म्हणत ती टीव्ही बंद करायची.

मी तेव्हा अगदीच लहान होते. घरात आप्पांचे दोन-चार फोटो आहेत, सगळे ताठ, गंभीर... ते कसे हसायचे, हेच मला माहीत नव्हतं. लोक वडिलांचे जुने व्हिडिओ टाकतात ना, तेव्हा माझा फार जीव तुटतो.

तर भांडता भांडता एकाने मला खोटं पाडायला लिंक टाकली. पिक्चर नव्याने साफसूफ करून आणलाय, सोबत शूटिंगचे उरलेले तुकडेही टाकलेत. त्यात तोच सीन... कट झाल्यावरही कॅमेरा चालू आहे. सिनेमावाल्यांची रीत असते म्हणे, मेलेल्याचं काम करणाऱ्याने लगेच कॅमेऱ्यात बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो.

चादर बाजूला झाली. आप्पा उठून बसले, पाय खसाखसा खाजवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. मान जरा खाली घालून, लाजून... अगदी माझ्यासारखं हसले हो! मी किचनच्या ओट्याला धरून ढसाढसा रडले.

आई बाहेर डाळ निवडत होती. "न्हाय बगायचं मला त्ये," म्हणून तिने तोंड फिरवलं. मी वाद घातला नाही. मोबाईल तिच्यापुढे परातीत ठेवला आणि शेजारी बसून राहिले... बऱ्याच वेळाने तिने तो उचलला.

मला वाटलं, आता रडेल. पण तिने पदराने स्क्रीन पुसली, परत लावायला सांगितलं, परत सांगितलं... मग स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "किती तरणं हाईत की गं ह्ये... आता म्होरं आले तर मला वळकतील का?"

मी नुसता तिचा हात धरून बसले.

त्या दिवशी तो कॅमेरा कुणी चालू ठेवला, कुणास ठाऊक. त्या कॅमेरामनला कुणी ओळखत असेल तर प्लीज कळवा... आईला त्यांना जेवायला बोलवायचंय. आणि मला एकच विचारायचंय. व्हिडिओला आवाज नाही आणि आईलाही आता नीटसं आठवत नाही... आप्पा हसले, तेव्हा कसं ऐकू आलं होतं?