आक्काबाईंचा डावा हात

रुग्णालयाने माझ्या तक्रारीला दिलेल्या उत्तरात माझ्या आईचा उल्लेख ‘वृद्ध महिला रुग्ण, त्वचा मूळचीच नाजूक’ असा केलेला आहे. त्या मूळच्या नाजूक त्वचेने भडगावात सगळा जन्म पेटत्या चुलीसमोर मांडे ताणले, हे त्या उत्तरात येण्याचे काही कारण नव्हते. म्हणून ते मी येथे लिहितो आहे.

आईचे नाव आक्काबाई. गिरणा नदीकाठच्या आमच्या गल्लीत लग्न असो, जावळ असो की आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण, मांडे करायचे म्हटले की पहिले बोलावणे तिला येई. ज्यांनी मांडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो पोळीसारखा पुरणाचाच, परंतु पोळपाटावर संपत नाही. भाकरीएवढा लाटून झाला की तो दोन्ही हातांवर घ्यायचा, तळव्यापासून कोपरापर्यंत झेलत झेलत ताणायचा आणि उपरण्यासारखा पातळ झाला की चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. किती ताणला, कोठे विरळ झाला, आता फाटेल की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ते हाताच्या कातडीला कळते.

हे एकटीचे कामही नव्हे. शेजारच्या ताईबाई लाटायच्या आणि लाटलेला मांडा आपल्या हातांवरून आईच्या हातांवर द्यायच्या. देताना विचारायच्या, “लिधा का वं?” घेतलास का? आई म्हणायची, “लिधा!” हे उत्तर ऐकू आल्याशिवाय ताईबाई हात काढत नसत. एका वर्षी गल्लीतल्या एका नव्या सुनेने घाईत उत्तर येण्याआधीच हात काढला. मांडा राखेत पडला. ताईबाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिले आणि विचारले, “कोनले दिधा वं? चुल्हाले?” बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सून पुढची कित्येक वर्षे त्या एका वाक्याने ओळखली गेली.

हा विनोद मला पुढे जळगावच्या एका सुसज्ज, वातानुकूलित रुग्णालयात आठवला. तेव्हा हसू आले नाही.

चुलीच्या धुराने आईला दमा जडला होता. भडगावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी श्वास मोकळा होई, पण वर्षानुवर्षे त्या घेऊन हातापायांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. भांड्याची कड लागली तरी सोलवटून निघे. आच मात्र ती सहन करी, कारण आचेची तिला ओळख होती. गेल्या हिवाळ्यात तिच्या पित्ताशयात खडे निघाले. मी जळगावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. चांगले रुग्णालय म्हणून ज्याचे नाव चार सहकाऱ्यांनी घेतले, तेथे मी तिला दाखल केले. तिची एकच अट होती. माझ्या मुलीचे, ज्योतीचे, नुकतेच लग्न होऊन ती दीपनगरला सासरी गेली होती. तिच्या पहिल्या आखाजीला मांडे आक्काबाईंच्याच हातचे व्हायचे होते.

“तोलोंग बरी करी दे माले,” ती मला म्हणाली. तोपर्यंत बरी कर. “मंग खडा ऱ्हायना काय नि गया काय.”

वॉर्डातल्या रत्ना सिस्टर समजूतदार होत्या. रक्त घेतल्यावर कापसावर लावलेली इवलीशी चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर आईची सालही उचलली गेली. आई म्हणाली, “पट्टी नका चिटकाडू, माय. मनी कातडी निंघी जास.”

“नाही लावणार, आजी,” रत्ना सिस्टर म्हणाल्या. “कापडाची पट्टी बांधते. शस्त्रक्रियेच्या वेळीही सांगून ठेवते.”

त्यांनी सांगितलेही. ते कोठे सांगितले, हा माझ्या तक्रारीचा सगळा मुद्दा आहे.

शस्त्रक्रियागृहाच्या दारात फरशीवर एक लाल पट्टा रंगवलेला आहे. बाहेरच्या चपलांनी तो ओलांडायचा नाही. वॉर्डातली सिस्टर पट्ट्याच्या अलीकडे थांबते, आतला माणूस पलीकडे, आणि रुग्णाला एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकवतात. त्या सकाळी आत जाण्यासाठी ट्रॉल्यांची रांग लागली होती. रत्ना सिस्टर पट्ट्याच्या अलीकडून म्हणाल्या, “यांना चिकटपट्टी लावू नका, कातडी फार पातळ आहे.” पलीकडचा सेवक चाक अडकले म्हणून खाली वाकलेला होता. त्याने “हं” म्हटले. ते हं चाकाला होते की सिस्टरना, हे त्यालाही पुढे सांगता आले नाही. ट्रॉली आत गेली, दार लागले. मी तेथेच उभा होतो. बोलणे झाले होते, ऐकणे झाले होते की नाही, हे विचारायची तेथे पद्धत नव्हती.

आत आईनेही सांगितले होते. तोंडावर मुखपट्टी बांधलेल्या कोणाला तरी ती म्हणाली, “हातले पट्टी नका लावू.” उत्तर आले, “हो आजी, देवाचं नाव घ्या.” एवढे बोलून तिला भूल देण्यात आली.

डावा हात फळीवर आडवा पसरून, तो घसरू नये म्हणून, रुंद चिकटपट्टीचे वेढे देऊन बांधला गेला. बांधणाऱ्याने बांधला. भूल देणाऱ्यांनी सलाईन चालू आहे एवढे पाहिले. सर्जननी पोट पाहिले. शस्त्रक्रिया आटोपली तेव्हा पुढचा रुग्ण दाराशी आला होता. तंत्रज्ञ जितेंद्र याने टेबल मोकळे करताना पट्टी एका झटक्यात ओढली. मनगटापासून कोपराच्या जवळपासपर्यंतची कातडी पट्टीबरोबर निघाली.

हे झाले तो अपघात होता असे घटकाभर मानतो. त्यानंतर जे झाले ते मात्र अपघात नव्हते. कोणीतरी त्या उघड्या मांसावर कोरडी जाळी ठेवून वर बँडेज गुंडाळले, आणि आई पुन्हा त्याच लाल पट्ट्यावरून बाहेर आली. हाताविषयी कोणी काहीही बोलले नाही. वॉर्डाला वाटले, बँडेज सलाईनच्या सुईचे असेल. सुई तर दुसऱ्या हाताला हलवलेली होती. ज्या दिवशी घरी सोडायचे त्या दिवशी रत्ना सिस्टरनी बँडेज सोडायला घेतले, तेव्हा ते सुटेना. खालून पू आला.

मी आईवरच चिडलो. दुखत होते तर सांगितले का नाही?

“पोटले भोकं पाडेल शेतस,” ती म्हणाली. पोटाला भोके पाडली आहेत. “तठे हातनं काय रडू?”

सर्जन भले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली. “शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे, सर,” ते म्हणाले. “मी पोटाचा सर्जन. हात हिरव्या कापडाखाली असतो, तो माझ्या दृष्टीस पडतच नाही.”

“मग तो कोणाच्या दृष्टीस पडतो?”

ते घड्याळाकडे पाहू लागले.

व्यवस्थापक भूपेंद्र यांनी चहा मागवला. “सर, तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही तरी समजून घ्या. रत्ना सिस्टरनी सांगितलं, केसपेपरवर लिहिलंही. त्यांची चूक नाही. आत निरोप पोचलाच नाही, तर आतल्यांची चूक कशी म्हणायची?”

“सिस्टरनी निरोप दिला ना?”

“दिला.”

“कोणाला दिला?”

भूपेंद्र यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

पुढे चौकशी समिती बसली. प्रत्येकाने आपापले काम नियमानुसार केल्याचे तिला आढळले. मला त्यात खोटे काही दिसत नाही. त्या इमारतीत आईचे पोट एकाचे होते, श्वास दुसऱ्याचा, सुई तिसऱ्याची आणि ट्रॉली चौथ्याची. कातडी कोणाच्याही वाट्याला आलेली नव्हती. जे कोणाच्याच वाट्याला नाही, त्यात कसूर कोणाची सापडणार?

जखम चिघळल्यावर मी तिला धुळ्याला नेले. मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागेल, असे तेथील सर्जननी सांगितले. आईने त्यांना एकच प्रश्न विचारला, “आखाजीले मांडे व्हतीन का?”

मी अर्थ समजावून सांगितला. डॉक्टरांनी तिचा हात बराच वेळ पाहिला. “हात वाचेल, आजी. नव्या कातडीला स्पर्श किती कळेल, ते मी आज सांगू शकत नाही.”

धुळ्यातल्या त्या रुग्णालयातही दारात लाल पट्टा होता. इमारत जुनी, भिंतींचे पोपडे निघालेले. तेथे मला चांगले काही दिसेल अशी अपेक्षा नव्हती, आणि खरे तर इच्छाही उरली नव्हती. आतून कोकिळा सिस्टर नावाच्या बाई पट्ट्यापाशी आल्या. वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितले, “कातडी पातळ, चिकटपट्टी नको, टाचा आणि पाठ बघा.” कोकिळा सिस्टरनी तेच शब्द मोठ्याने परत म्हटले. भूल देणारे डॉक्टर मागे उभे होते. त्यांनी विचारले, “हात कशाने बांधणार?” “कापूस आणि मऊ पट्टी, सर.” ट्रॉली ढकलणारा म्हणाला, “मॅडम, यांची उजवी टाच लाल दिसते.” सगळे टाचेवर वाकले. तिच्याखाली उशी आली. वॉर्डातली सिस्टर तेव्हा कोठे ट्रॉलीवरचा हात काढून मागे फिरली.

एवढेच. यंत्र लागले नाही, निधी लागला नाही, समिती लागली नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी आईला मिळून कुशीवर वळवले, पाठ पाहिली, आणि जे पाहिले ते वॉर्डाला सांगितले. लोक म्हणतात, मला त्याने समाधान वाटायला हवे होते. ज्याचे घर जळून गेले आहे त्याला शेजाऱ्याच्या दारातली पाण्याची बादली पाहून जेवढे समाधान वाटेल, तेवढे वाटले.

कातडी धरली. उन्हाळा आला. ज्योती आखाजीला भडगावला आली. अंगणात चूल पेटली, खापर उपडे बसले. ताईबाई पोळपाट घेऊन आल्या आणि मला आलेला पाहताच म्हणाल्या, “ऊना का मास्तर? कामले मांगे, मांडा खावाले पहिला!” बायका हसल्या. आईही हसली. तिने पदर खोचला आणि खापरासमोर बसून दोन्ही हात पसरले. डाव्या हातावरची नवी कातडी चकचकीत आणि ओढलेली होती. उन्हात ती परक्या कापडाचे ठिगळ लावल्यासारखी दिसत होती.

ताईबाईंनी पहिला मांडा लाटला आणि आपल्या हातांवर घेऊन पुढे केला. मांडा आईच्या हातांवर टेकला.

“लिधा का वं, आक्का?”

आई डाव्या हाताकडे पाहत होती. एवढ्या वर्षांत मांडा घेताना तिने कधी हाताकडे पाहिलेले मला आठवत नाही.

“बोल ना वं. लिधा का?”

“समजत नई,” आई म्हणाली.

“तू बोलस नई तोलोंग मी सोडत नई,” ताईबाई म्हणाल्या.

मांडा दोघींच्या हातांमध्ये लोंबू लागला. मधोमध विरळ होत गेला. ज्योती पुढे झाली, पण कोणत्या बाजूने धरावे हे तिला कळेना. ताईबाईंनी हात काढले नाहीत. शेवटी आईनेच आपले दोन्ही हात अलगद खाली घेतले.

“ठी दे परातमा,” ती म्हणाली.

ताईबाईंनी मांडा गोळा करून परातीत ठेवला. आई उठून पोळपाटापाशी आली, ताईबाईंच्या हातातले लाटणे घेतले आणि लाटू लागली. खापरासमोरच्या जागेवर कोणी बसले नाही. ज्योतीने आतून लोखंडी तवा आणला. त्या दुपारी आमरसाबरोबर आम्ही तव्यावरच्या साध्या पुरणपोळ्या खाल्ल्या.