गच्चीचं कुलूप

समस्त सदनिकाधारक, भाडेकरू आणि गच्चीवर वाळवणं घालणारा मातृवर्ग यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की — गच्चीला कुलूप लावू नये! कारण खाली देत आहे. ते वाचून समाधान होईल याची हमी नाही... माझंच अजून झालेलं नाही.

मी भुताखेतांना मानणारा माणूस नव्हे. स्मशानाकडची वाट मी शीळ घालत तुडवलेली आहे.

गोष्ट ऐंशीनंतरची. रत्नागिरीत आमची चार मजली इमारत म्हणजे पाहुण्यांना मुद्दाम दाखवायची वस्तू! गच्चीवर मे महिन्यात साठं, म्हणजे आंबापोळी, वाळत पडायची. आदल्या वर्षी कुणीतरी गोदाकाकूंच्या साठाचा कोपरा खाल्ला आणि इमारतीत महाभारत झालं. तेव्हापासून सेक्रेटरी तात्या गच्चीला कुलूप घालत. एकुलती एक किल्ली त्यांच्या जानव्याला!

त्या दिवशी तात्या किल्लीसकट एसटीने दापोलीला गेले. गेल्यावर काकूंनी कुलूप स्वतः ओढून पाहिलं होतं.

दुपारी खालच्या मीटरांनी पेट घेतला. खालचे लोक बाहेर पळाले, पण जिन्यात धूर असा चढला की चौथ्या मजल्यावर आम्ही अडकलो — मी, आठवा महिना लागलेली माझी बायको सुधा आणि शेजारच्या गोदाकाकू. एवढी उंच शिडी गावात होती कुणाकडे?

मी कुलूप फोडायला वरवंटा उचलला.

"मेल्या, चटणी वाटतोस की दार फोडतोस? चल की!" काकू खोकत ओरडल्या.

सुधाने माझा हात घट्ट धरला होता. "मला श्वास पुरत नाही हो..." एवढंच ती म्हणत होती. डोळ्यांपुढे काही दिसेना. आणि तेवढ्यात वरून बाईचा आवाज आला —

"सावकाश. पोटुशीला पुढे घ्या."

वाटलं, असेल कुणी शेजारीण. आवाजाच्या रोखाने चढलो, तर दार सताड उघडं! सुधाला आधी बाहेर ढकललं. ती कठड्याला टेकून भराभरा श्वास घेत राहिली, तेव्हा कुठे माझ्या हातातला वरवंटा खाली पडला.

गच्चीवर चिटपाखरू नव्हतं.

खालच्या लोकांनी वाळू टाकून आग विझवली. मग आम्ही दार नीट पाहिलं. कुलूप चौकटीच्या कडीत लटकत होतं... आणि बंद होतं. कडी शाबूत, कोयंडा शाबूत. संध्याकाळी तात्या आले. जानव्याची किल्ली लावली, तर नेहमीसारखं कुरकुरत उघडलं. तात्यांनी ते तिथेच पुन्हा लावून, पुन्हा उघडून पाहिलं.

ती बाई कोण, कुठून आली, कुठून गेली — मी पुष्कळ डोकं खाजवलं. उत्तर नाही. कुलूप मात्र त्या दिवसापासून गेलं, आत नुसती कडी आली. पुढे सुधा सुखरूप बाळंत झाली. पण मला अजून चैन नाही. कुठल्याही उंच इमारतीत पाहुणा गेलो, की चहाच्या आधी गच्चीचं दार ढकलून येतो. लोक हसतात... हसोत.

हां, एक राहिलंच. सकाळी तात्या निघण्याआधी साठांची ताटं दाराच्या तोंडाशीच मांडलेली होती. आम्ही धुरातून धडपडत आलो, तेव्हा एकही पायाखाली आलं नाही. सगळी पाण्याच्या टाकीवर ओळीने ठेवलेली, वर धुतलेलं फडकं झाकलेलं! सुधा रडत होती. गोदाकाकूंनी फडकं उचललं, प्रत्येक साठाचे चारही कोपरे तपासले आणि मोठ्याने म्हणाल्या,

"कोण का असेना, वळणाची होती हो बाई!"