दाराबाहेरचं तिसरं अंथरूण

खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. इथले तुमचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचतो. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो. मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. 'सर, भूत असतं का?' असं पोरांनी विचारलं की 'आधी त्याचं वस्तुमान सांग, मग बोलू' हे माझं ठरलेलं उत्तर. गेल्या मे महिन्यापासून ते उत्तर तोंडातून निघत नाही...

सुरुवात फिरायला जाण्यावरून झाली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुठेतरी लांब जायचं असं वैशालीचं — म्हणजे माझ्या बायकोचं — ठरलं होतं. तिनं मोबाईलवर मंगोलियाचे व्हिडिओ पाहिले होते. नजर पोचेल तिथपर्यंत गवत, ना झाड ना भिंत, आणि मधेच मेंढ्या राखणाऱ्या लोकांचे गोल पांढरे तंबू. त्यांना 'गेर' म्हणतात. लाकडाचा हलका सांगाडा, वर लोकरीचा जाड नमदा. अशा एखाद्या कुटुंबात आठ दिवस पाहुणे म्हणून राहता येतं.

मी एका झटक्यात हो म्हणालो. वैशालीला नवल वाटलं, कारण मी साधं औरंगाबादला मुक्कामाला जायचं म्हटलं तरी कारणं सांगणारा माणूस. हॉटेलात गेलो तरी आधी छत बघतो, मग पलंग दाराजवळ ओढतो. ही सवय तिला माहीत आहे. 'भूकंपाची भीती' असं ती समजते, आणि मी समजू देतो. त्या तंबूत डोक्यावर पडण्यासारखं काही नव्हतं. एवढंच माझं कारण.

बुकिंग नांदेडच्या ट्रॅव्हल एजंट सलीमभाईंकडे दिलं. ते माझे जुने स्नेही. मी नांदेडच्या क्लासला शिकवायला जायचो तेव्हा त्यांचा मुलगा माझ्याकडे होता.

"मंगोलिया?" ते फोनवर म्हणाले. "सर, लोकं शिमला जातेत, लई झालं तर दुबई. तुमी बकऱ्या बघायला एवढं लांब चालले? आमच्या देगलूरला या, मामूच्या वाड्यावर फुकटात दाखवतो."

पण माणूस कामाचा. आठवड्यात त्यांनी तिथला एक गाईड शोधला. तो दिल्लीत शिकलेला, मोडकी हिंदी बोलायचा. आम्ही फॉर्म भरला : माणसं दोन, वय, शाकाहारी, घोड्यावर बसता येतं का — नाही. वैशालीनं शेंगाचटणी, धपाटे, मेतकूट अशी यादी करायला घेतली.

एका सकाळी अकराला पहिला व्हिडिओ कॉल झाला. एका खिडकीत आम्ही दोघं, दुसरीत नांदेडहून सलीमभाई, तिसरीत गाईड आणि ज्यांच्याकडे राहायचं त्या घरच्या आजीबाई. सुरकुतलेला हसरा चेहरा. त्यांच्यात कोण कुठे झोपणार हे आधी ठरवतात म्हणे. पाहुण्यांची बाजू वेगळी. आजीबाईंनी तंबूचा नकाशा कागदावर काढून दाखवला, आणि नंतर त्याचा फोटो आला. गोल तंबू, मधे चूल, डाव्या हाताला दोन चौकोन — आमची अंथरुणं. आणि दाराच्या बाहेर तिसरा चौकोन.

मी सलीमभाईंना फोन केला. ते हसत सुटले. "अरे, मीच ना तिसरा! कॉलवर होतो ना. बुढ्ढीनं मला बी मोजलं. पण मेरेकू बाहर कायकू सुलारी सर? मी काय राखणीचं कुत्रं हाव?"

आम्हीही हसलो. विषय संपला. फक्त त्या दिवसापासून माझ्या अभ्यासाच्या खोलीत ओल्या घोंगडीचा वास येऊ लागला. मे महिना, लातूर, आठवड्यातून एकदा नळाला पाणी... आणि भिजलेल्या लोकरीचा वास. मला वाटलं मला एकट्यालाच येतो. चौथ्या दिवशी वैशाली दारातूनच म्हणाली, "काय भिजवून ठेवलंय हो इथं? मेंढरं बसल्यासारखा वास येऊन राहिलाय."

आता मागचं सांगायला हवं.

आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही. भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या वर्षी रब्बीच्या पेरणीआधी आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. म्हणजे धनगराचा कळप काही रात्री मोकळ्या रानात मुक्कामाला ठेवायचा, लेंडीखत आपोआप पडतं. बिराप्पा नावाचा धनगर दरसाल यायचा, कर्नाटकाच्या बाजूचा. बायको वारलेली, एकच लेक — मंगव्वा. भूकंपाच्या आदल्या दिवशी तो अर्धा कळप घेऊन दुसऱ्या गावच्या रानात गेला होता. उरलेल्या मेंढ्यांपाशी मंगव्वा एकटी होती, आणि तिला ताप भरला होता. संध्याकाळी झिमझिम सुरू झाली.

माझे आईवडील गणपतीसाठी बहिणीकडे लातूरला गेले होते. घर रिकामं. आमचं माळवदाचं घर, दोन हात रुंद दगडी भिंती, वर मातीचा थर. गावातलं सगळ्यात भक्कम घर म्हणून आम्हाला त्याचा गर्व होता.

मी तिला म्हणालो, "घरात जाऊन झोप. मेंढ्या मी राखतो."

"न्हाई धनी. आमी छपराखाली न्हाई झोपत. मेंढरं आभाळाखाली तर आपुन बी आभाळाखाली. आण्णा रागं भरतील."

"आण्णाला कोण सांगतंय? इथं पावसात पडलीस तर मरशील की."

हे वाक्य माझं आहे. शब्द न शब्द असाच.

ती हसली. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं, हसली की ते हलायचं. घोंगडी ओली झाली होती, तीच खांद्यावर घेऊन ती गेली. मी तिला माझी बाज दिली होती, आतल्या खोलीतली. माझ्या मनात काही नव्हतं असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. थोडं होतं. ती मला आवडायची. पण मी खरंच तिच्या जागी, मेंढ्यांपाशी झोपलो.

पहाटे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. मेंढ्यांपैकी एकीलाही खरचटलं नाही. मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या घराचा ढीग उपसला. मदतीला आलेल्या लष्कराच्या जवानानं विचारलं, ही कोण? मी बघितलं. आणि म्हणालो, ओळखत नाही. रिकाम्या घरात, माझ्या बाजेवर, परक्या जातीची तरुण पोरगी... लोक काय म्हणतील, वडील काय म्हणतील — गावात माणसं मरून पडली होती आणि मला त्याची भीती वाटली. बेवारस म्हणून इतरांबरोबर तिलाही अग्नी दिला.

बिराप्पा त्याच दुपारी आला. रस्ते बंद, चालत आला होता. मेंढ्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं.

"धाकले धनी, माझी मंगी?"

मी म्हणालो, "ती भूकंपाच्या आदल्या संध्याकाळीच गेली. देगलूरकडचे कोणी मेंढके चालले होते, त्यांच्यासोबत."

त्यानं मेंढ्या हाकल्या आणि देगलूरच्या दिशेनं गेला.

मी पुढे शिकलो, मास्तर झालो. लातूरला पोरांची रीघ लागली, क्लास वाढले, मीही वाढलो. पण लाटांचा धडा शिकवताना भूकंपाचं उदाहरण मी आजवर दिलेलं नाही. आणि बाजेवर झोपलेलो नाही.

तर... दुसरा कॉल. माणसं दोनच आहेत हे पक्कं करण्यासाठी मीच मागितला. सलीमभाईंना मुद्दाम येऊ नका म्हणालो. सकाळची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन. मी आणि वैशाली शेजारी शेजारी बसलो होतो. आमच्या पाठीमागे पुस्तकांचं कपाट आणि उघडं दार, बाकी काही नाही.

मी गाईडला म्हणालो, "सिर्फ दो लोग. तिसरा बिस्तर नहीं चाहिए."

त्यानं सांगितलं. आजीबाईंनी आमच्याकडे नाही, आमच्या मधून मागे बघितलं. मग काहीतरी बोलल्या, मायेनं, जसं आपण दारात उभ्या राहिलेल्या पाहुणीला बोलतो तसं. गाईड गोंधळला.

"सर, दादी बोलती है, पीछे जो लडकी खडी है, उसका कंबल गीला है. उसको बोलो, धूप में सुखाए."

वैशाली हसली. "कौन लडकी? हमारी बेटी तो पुणे में है."

आजीबाईंनी एक बोट स्वतःच्या हनुवटीवर टेकवलं. एकदा. दोनदा. तीनदा.

वास इतका दाट झाला की वैशालीनं पदर नाकाला लावला — हे मी एकट्यानं कल्पिलेलं नाही. आजीबाई थोडं ऐकत राहिल्या, मान हलवत. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. कोणत्या भाषेत ऐकत होत्या, देव जाणे. मग गाईडला काहीतरी म्हणाल्या, आणि गाईड हळू आवाजात म्हणाला :

"दादी ने पूछा, बाहर क्यों, अंदर जगह है. वो लडकी बोलती है, अंदर नहीं. एक बार साहब ने अंदर सोने को बोला था."

मी लॅपटॉप बंद केला. मागे वळून बघायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही. मागे कोणी नव्हतं. दाराजवळची फरशी कोरडी होती.

वैशालीनं एकच विचारलं, "कोण आहे ती?"

मी म्हणालो, गाईडचा काहीतरी घोळ झाला असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. धपाट्यांची यादी फ्रिजवर अजून तशीच चिकटलेली आहे. तिकिटं रद्द केली.

गाईडला नंतर मी वेगळा फोन केला. त्याला स्क्रीनवर दोनच माणसं दिसली होती. 'दादी बूढी है, सर' म्हणाला, आणि घाईनं फोन ठेवला. मी स्वतःला बरंच समजावलं : म्हातारीची नजर, कपाटाची सावली, गाईडची हिंदी. पण तीन ठिपके? आणि ते वाक्य? ते तर आम्हा दोघांशिवाय जगात कोणाला माहीत नव्हतं, आणि आम्हा दोघांपैकी एकजण उरलेला नाही.

महिन्याभरानं सलीमभाईंना सहज म्हणून विचारलं : देगलूरला तुमच्या मामूंकडे धनगर लोक येतात, त्यात बिराप्पा नावाचं कोणी ओळखीचं?

"हाव, हाय ना एक बुढ्ढा. आता कळप न्हाई त्याच्याकडं. कोणाचे बी मेंढके आले की काठी टेकीत जातो, विचारतो. लेक पळून गेली म्हणतेत त्याची, भूकंपाच्या टायमाला. त्याच्या लोकांनी नाव टाकलं पोरीचं. हा एकटाच विचारत फिरतो. का सर?"

मी म्हणालो, काही नाही.

वास अजून येतो. रोज नाही. क्लासमध्ये येत नाही, घरीच येतो, आणि दाराच्या बाहेरच्या बाजूनं. आत येत नाही. सुरुवातीला तो खोलीत होता, आता उंबऱ्यापर्यंतच असतो. ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर लिहा, पण मला आता ते तितकंसं नको आहे.

हे आज रात्री वैशालीला वाचायला देणार आहे. लातूरहून देगलूर काही तासांचा रस्ता आहे. तीन वेळा निघालो, एकदा अर्ध्या वाटेपर्यंत गेलो, आणि परत आलो.

तुमची मंगी कोणाबरोबर पळून गेली नाही. मी सांगितलं म्हणून ती माझ्या घरात झोपली आणि तिथेच गेली — एवढं बिराप्पाला त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.