पहिलं वाक्य पसंत न पडणारे भाऊ

साडीवाल्या भाऊंना समोरच्याचं पहिलं वाक्य कधीच पसंत पडायचं नाही. चाळीस वर्षं दुकानाच्या गादीवर बसून त्यांनी बायकांच्या तोंडून "दुसरं दाखवा" ऐकलेलं. म्हातारपणी मेहरूणला नाटकाचा वर्ग काढला आणि त्याचा सूड आम्हांवर उगवला.

वर्ग आयत्या वेळी सुचेल ते बोलून हसवण्याचा. संहिता नाही, पाठांतर नाही. मी वर्गात गेले त्या वर्षी भाऊंनी नवा प्रकार आणला. आपण बोलायचं, भाऊ "दुसरं दाखवा!" ओरडले की ते वाक्य टाकून लगेच नवं द्यायचं, त्यांना पसंत पडेपर्यंत.

मी तेव्हा बासष्ट वर्षांची अल्लड पोर. निवृत्त शिक्षिका, त्यामुळे चुका फक्त दुसऱ्यांच्या होतात अशी ठाम समजूत. घरून वीस वाक्यं पाठ करून गेले. भाऊंनी तिसऱ्यालाच पकडलं.

"बाई, हाई बठ्ठं पाठ करेल शे! सगळं घोकलेलं! काचेतला माल नको, आतला काढा."

"आत काही नाही," मी फणकारले.

"मग एवढा घाम कशाचा पुसताय?"

कोणी रुसलं की भाऊ लगेच चहा मागवायचे. गिऱ्हाईक उठून जाऊ नये, ही जुनी खोड. मी त्या महिन्यात फार चहा प्याले.

जाहीर प्रयोगाला सून पहिल्या रांगेत बसली. तिच्यासमोर फजिती होऊ नये, एवढंच देवाला सांगितलं होतं. आणि माझ्या वाट्याला काय यावं? शेजारणीपुढे सुनेचं कौतुक करणारी सासू!

"सून माझी लक्ष्मी."

"दुसरं दाखवा!"

"भरीत झकास करते."

"दुसरं!"

"माझ्यापेक्षा झकास करते."

"दुसरं!"

पाठ केलेलं सगळं उडालं आणि तोंडातून निसटलं, "म्हणून पाहुणे आले त्या दिवशी तिच्या भरतात मीच मूठभर मीठ टाकलं!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. सून ताडकन उठली. "आई! ते तुम्ही? मी वर्षभर वांग्याला हात लावला नाही!"

"हां! हे बांधा!" भाऊ आनंदानं ओरडले.

रिक्षात सून रस्त्याकडे तोंड करून बसली. घराचं कुलूप काढताना मात्र तिला असं हसू फुटलं की किल्लीच हातातून पडली. पुढच्या आठवड्यात तिनं वर्गात नाव घातलं.

भाऊ आता सुरतेला, मुलाकडे असतात. त्यांच्याशिवाय वर्ग अळणी झाला. ते फोन करतात, पण सुनेला, मला नाही. ती ऐकते, माझ्याकडे बघते आणि तोंडाला ओढणी लावून हसू दाबते.

"काय म्हणाले गं भाऊ?"

"काही नाही, आई. तुमची आठवण काढत होते."