खटकणारा गंधार

भजनात गाणारा सुरावरून घसरला की पेटीवाला खरा सूर जोरात दाबतो आणि त्याला वर ओढून आणतो. आमच्या तळेगावात याला सांभाळून घेणं म्हणतात. आमच्या मळ्यातल्या वांग्या-मेथीपेक्षा मला या कामाचा गर्व जास्त. भजनी मंडळाची पेटी मीच वाजवतो, आणि माझ्याइतकं कुणी कुणाला सांभाळलेलं नाही, हे मी न विचारताही सांगतो.

त्यामुळे मुलगी वर्ध्याच्या कॉलेजात संगीताच्या शेवटच्या परीक्षेला स्वतःची चाल गाणार म्हटल्यावर साथीला मीच बसलो. चाल पडली असती तर तिची सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

विषय होता नवअभिजातवाद. शब्द ऐकूनच मला ठसका लागला. मग तिनं समजावलं. शंभरेक वर्षांमागे युरोपातल्या काही संगीतकारांना भावनांचा महापूर आणि भलाथोरला वाद्यमेळ नकोसा झाला. ते त्याहून जुन्या चौकटींकडे वळले. बांधणी नेटकी, वाद्यं मोजकी, हुंदके बंद. चित्रकारांचंही तसंच, रेघ स्वच्छ पाहिजे. पण नुसती नक्कल नाही. त्या जुन्या चौकटीत आपल्या काळाचा एखादा खटकणारा सूर मुद्दाम ठेवायचा.

तिची चालही तशीच होती. ध्रुवपद, तीन कडवी, साधा ठेका. माझ्या सगळ्या हरकती-मुरक्या तिनं छाटून टाकल्या. आणि शेवटच्या कडव्यात एक गंधार, पेटीच्या पट्टीपेक्षा जरा खाली. सरावात तो आला की माझं बोट आपोआप खरा गंधार दाबायचं. शेवटी ती गाता गाता थांबली.

"बाबा, मले सांभाळून घेऊ नका."

"काऊन? चुकून राह्यली नं तू!"

"चुकत नाई. थो सूर म्याच तिथं ठेवला. परीक्षेत तुमी दाबला तं माही चाल मेली समजा."

मला राग आला. मी भाता खाडकन बंद केला आणि उठलो.

परीक्षेत शेवटचं कडवं आलं. मी बोट षड्जावर रोवून ठेवलं आणि नुसता भाता हलवत राहिलो. तिनं गंधार लावला आणि तो तसाच धरून ठेवला. अंगावर सर्रकन काटा आला. जन्मभर ज्याला चूक म्हणून दाबत आलो, ते एवढं सुंदर असतं? इतका उघडा, इतका शांत सूर मी कधी ऐकला नव्हता. माझीच पोर, पण देवळात वाटते तशी मला तिची भीती वाटली. परीक्षकही क्षणभर लिहायचे थांबले.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "थो सूर तुले कुठून भेटला?"

"आपल्या जुन्या पेटीतून. तिचा गंधार उतरला होता नं. तुमी तिले शिव्या देत वाजवत, अन् मी लहानपणी तेच आयकत झोपत होती. मले थोच खरा वाटे."

ती पेटी मी बेसूर म्हणून विकून टाकली होती.